निजानीज

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग म्हणावा एवढा तो मोठाही नव्हता. एका शब्दावरून उद्भवलेले ते दोन-चार दिवसांचे रुसणे. परंतु त्या शब्दाने आम्हांस कित्येक रात्री जागे ठेवले, आणि त्या जागेपणी जे मनात आले ते आपल्या वाचक कुटुंबांपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या अंगास आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दखनी हिंदी, आणि डोंगराकडून उतरणाऱ्या गोंड व कोलाम बांधवांच्या मुखी त्यांची त्यांची बोली, अशा चार-पाच भाषांच्या मधोमध आमचा संसार चालतो. आमची नात मात्र यांपैकी कोणत्याही भाषेत शिकत नाही. ती दूरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत वसतिगृहात राहते आणि यंदा आठव्या इयत्तेत आहे. नाताळास व उन्हाळ्यात ती आमच्याकडे येते, तेव्हा आमच्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरास पुन्हा घरपण येते.

नाताळच्या आदल्या आठवड्यातील ती रात्र. आदिलाबादची थंडी साऱ्या तेलंगणात प्रसिद्ध आहे. त्या रात्रीही ती अंगास चांगलीच झोंबत होती. जपमाळ आटोपली, शेकोटीभोवती दोन गोष्टी झाल्या, आणि आमच्या सौ. नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "चला, निजा आता." नातीने हातातले पुस्तक मिटले, आळस दिला आणि म्हणाली, "आजी, आय ॲम गोइंग टू हिट द हे."

सौभाग्यवतींस इंग्रजी येत नाही. त्यांनी वाक्यातला शेवटला शब्द तेवढा पकडला आणि विचारले, "हे? हे म्हणजे काय गं?"

"हे म्हणजे वाळलेलं गवत, आजी. गवताला मारते, म्हणजे झोपायला जाते."

"गवताला मारतेस? त्या गवतानं तुझं काय वाकडं केलं?"

आम्ही सर्व हसलो. येथवर सारे गोड होते. परंतु हसता हसता नात म्हणाली, "आजी, तू ते 'निजा, निजा' म्हणू नकोस. किती गावंढळ वाटतं! आमच्या शाळेत कोणी असं बोललं तर सगळे हसतील." आणि वाचकहो, कबूल करावयास लाज वाटते, परंतु आम्हीही तिच्या हसण्यात हसणे मिसळून म्हणालो, "शिकून घ्या नातीकडून दोन इंग्रजी शब्द. या वयात उपयोगी पडतील."

सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी निखाऱ्यांवर राख सारली, दाराची कडी लावली, नातीच्या अंगावर वाकळ घातली आणि त्या आपल्या अंथरुणाकडे गेल्या. त्यांचा रोजचा एक नेम आहे. दिवा मालवल्यावर अंधारातून त्या विचारतात, "निजली का गं बाई?" आणि आतून "निजले!" असे उत्तर आले की मगच स्वतः डोळे मिटतात. त्या रात्री त्यांनी विचारले नाही. आम्ही वाट पाहिली. नातीनेही पाहिली असावी, कारण तिची कूस बदलण्याची चाहूल बराच वेळ येत होती. घरात निजानीज झाली, पण नीज कोणासच आली नाही.

हा प्रश्न सौभाग्यवतींचा स्वतःचा नव्हे. तो आमच्या आईचा. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूकडून चुलीबरोबर, जात्याबरोबर आणि जपमाळेबरोबर तोही त्यांच्याकडे आला. आम्ही पाच भावंडे एका रांगेत एकाच सतरंजीवर निजत असू. आई दार लावून येई, कंदिलाची वात खाली करी आणि विचारी, "निजले का रे पोट्टेहो?" आम्ही पाचही जण एका सुरात ओरडत असू, "निजलो, माय!" मग तिचे समाधान होई. त्या उत्तरानंतर कोणी बोलावयाचे नाही, हा घरचा कायदा होता.

दुसरे दिवशी सौ. नातीशी बोलल्या, तिला आवडते म्हणून ज्वारीची गरम भाकरी तिला वाढली, वेणी घातली. पण 'निजा' हा शब्द त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच. रात्री त्यांनी केवळ दिवा मालवला. भांडण असते तर मिटविता आले असते. येथे भांडण नव्हते. एक शब्द घरातून उठून गेला होता, एवढेच.

नाताळनंतर तिसऱ्या दिवशी आमचे फादर घरी आले. ते मूळचे केरळचे. पण इतकी वर्षे आमच्यात राहून त्यांची मराठी आमच्या मराठीसारखीच झाली आहे. पडवीत बाजेवर बसून चहा घेता घेता त्यांनी नातीस अभ्यासाचे विचारले, आणि आम्ही मुद्दामच तो गवताचा विषय काढला. फादर मनापासून हसले. त्यांनी जे सांगितले त्याने आमच्या डोळ्यांवरची झापड उतरली.

ते म्हणाले की हा वाक्प्रचार साहेबांच्या दिवाणखान्यातला नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो अमेरिकेत रूढ झाला. वाळलेले गवत किंवा पेंढा भरून केलेल्या गाद्यांवर तेथे गरीब माणसे निजत. शेतमजूर, वाटसरू यांस तर पुष्कळदा गोठ्यातली गवताची गंजीच मिळे. दिवसभर राबून आलेला मनुष्य त्या गवतावर अंग झोकून देई, त्यास तो 'हिट' करणे म्हणे. त्याचाच भाऊ 'हिट द सॅक'. सॅक म्हणजे पोते. हा शब्दप्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन शिपायांच्या व खलाशांच्या तोंडी फार झाला. "तेव्हा बेटी," फादर नातीस म्हणाले, "तू शाळेतून जो मोठा डौलदार शब्द आणलास, तो मजुरांचा आणि शिपायांचा आहे. तोही तिकडचा गावंढळच."

नात ओशाळली, आणि खरे सांगावयाचे तर तिच्याहून अधिक आम्ही ओशाळलो. कारण गवतावर आणि पोत्यावर निजणे आम्हांस नवे थोडेच होते? आमचे वडील आदिलाबादच्या बाजारात कापूस नेत. बंड्यांची रांग इतकी लांब लागे की रात्र तेथेच काढावी लागे. आम्ही लहानपणी त्यांच्यासोबत गेलो आहोत, आणि कापसाने भरलेल्या बंडीवर, पोत्याची उशी करून, आकाशाखाली निजलो आहोत. वडील म्हणत, "टाक अंग." 'अंग टाकणे' हाच तर तो 'हिट' करणे! सातासमुद्रांपलीकडच्या मजुरास जे सुचले तेच आमच्या वडिलांसही सुचले होते. फक्त आमच्या वडिलांच्या शब्दाचा आम्हांस कधी डौल वाटला नाही.

मग विषय निघालाच तर नातीने आपल्या पोतडीतले आणखी शब्द बाहेर काढले. 'फॉर्टी विंक्स' म्हणजे चाळीस वेळा डोळे मिचकावणे, म्हणजेच लहानशी डुलकी. हे ऐकताच सौ. प्रथमच बोलल्या, "चाळीस म्हणजे जपमाळेची चार रहस्ये झाली. आमच्या घरातल्या एका माणसाचा डोळा बरोबर तेवढ्यातच लागतो." हे माणूस कोण ते वाचकांस सांगावयास नकोच. 'कॅच सम झीज' या प्रयोगातील झी म्हणजे इंग्रजीतले शेवटचे अक्षर. चित्रकथांत निजलेल्या माणसाच्या डोक्यावर ते अक्षर काढून घोरणे दाखवितात. 'स्लीप टाइट' यातील 'टाइट' शब्द जुन्या काळी पलंगाच्या दोऱ्या ताणून आवळीत, त्यावरून आला असे नातीने कोठेतरी वाचले होते. बसल्या बाजेची दोरी त्याच सकाळी ओढून घट्ट केलेली असल्यामुळे आम्हांस ती उपपत्ती फारच पटली. पण फादर म्हणाले की कथा गोड असली तरी भाषेचे अभ्यासक ती मानीत नाहीत; तेथे त्या शब्दाचा अर्थ केवळ 'गाढ' असा आहे. प्रत्येक गोड कथा खरी नसते, हाही धडा मुलीस मिळाला.

'लँड ऑफ नॉड' या शब्दाची कथा मात्र खरी, आणि आपल्या पवित्र शास्त्राशी निगडित आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात काइनाने भावाचा वध केल्यावर तो एदेनच्या पूर्वेस नोद नावाच्या देशात जाऊन राहिला, असे चौथ्या अध्यायात सांगितले आहे. हिब्रू भाषेत त्या नावाचा संबंध भटकण्याशी आहे. इंग्रजीत मात्र 'नॉड' म्हणजे पेंगताना मान खाली पडणे. हे दोन शब्द योगायोगाने एकसारखे ऐकू येतात, म्हणून डब्लिनच्या जोनाथन स्विफ्ट या विनोदी लेखकाने 1738 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादांच्या पुस्तकात झोपेस 'नॉडचा देश' म्हणण्याची कोटी घातली, आणि ती पुढे घरोघर झाली. पाहा, ज्या देशात अपराधी काइनास कधी स्वस्थ निजता आले नसेल, त्याच देशाचे नाव सांगून इंग्रज आया मुलांस निजवू लागल्या!

त्याच पुस्तकात झोपेस 'बेडफर्डशायर' असेही म्हटले आहे. बेडफर्डशायर हा इंग्लंडातील एक खराखुरा जिल्हा; नावात 'बेड' आहे, म्हणजे बिछाना, एवढ्यावरून ती थट्टा. लाकडी टेकडी चढून बेडफर्डशायरला चला, असे तेथे मुलांस सांगतात; लाकडी टेकडी म्हणजे माडीवर जाण्याचा जिना.

सौ. हे सारे कान देऊन ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडे निजामाबादच की! निजायला निजामाबाद."

क्षणभर कोणास उमगले नाही. मग फादर असे हसले की त्यांच्या बशीतला चहा सांडला. निजामाबाद हा जुन्या आदिलाबादचा शेजारचा जिल्हा. आदिलाबादहून मुदखेडवरून तेथे आगगाडी जाते. ते नाव निजामावरून पडले, झोपेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण बेडफर्डशायरचा तरी कोठे आहे? नात टाळ्या पिटून म्हणाली, "आजी, हा तर स्विफ्टपेक्षा भारी! मी शाळेत सगळ्यांना सांगणार." आणि दुसऱ्याच क्षणी ती गप्प झाली. तिच्या ध्यानात आले की ही कोटी शाळेतल्या मैत्रिणींस समजावून सांगावयाची तर आधी 'निज' हा शब्द सांगावा लागेल. ज्या शब्दास ती चार दिवसांपूर्वी हसली होती, त्यावाचून हे हसू उभेच राहत नव्हते.

फादर गेल्यावर आम्ही तिच्यासोबत बसून आपल्या घरचे शब्द मोजू लागलो, आणि मोजता मोजता आम्हीच चकित झालो. दमलेला मनुष्य पाठ टेकतो. वडीलधारे मनुष्य पहुडते. दुपारच्या जेवणानंतर कोणी लवंडतो, कोणी आडवा होतो. ज्यास पुढची काळजी नाही तो ताणून देतो. वाटसरू पथारी पसरतो. ज्याने निजावयाचे ठरविलेच नव्हते त्याचा डोळा लागतो. हाच प्रयोग आमच्या बाजारातल्या दखनी हिंदीतही जसाच्या तसा आहे. डाव्या कुशीवर घटकाभर विसावणे ती वामकुक्षी. स्पेनमध्ये दुपारच्या झोपेस 'सिएस्टा' म्हणतात, तो शब्द लॅटिनमधील 'सहावा तास' या अर्थाच्या शब्दापासून आला. सूर्योदयापासून सहावा तास म्हणजे माध्यान्ह, आणि ख्रिस्तसभेच्या माध्यान्हीच्या प्रार्थनेसही तेच नाव आहे. पहाटेची ती साखरझोप. इंग्रज लोक मध्यरात्रीपूर्वीच्या झोपेस सौंदर्य वाढविणारी झोप म्हणतात. आमच्या लोकांस पहाटेची झोप गोड, कारण शेतकऱ्यास नेमके तेव्हाच उठावे लागते. जी सोडावी लागते तीच गोड.

आमचे तेलुगू शेजारी मुलांस 'पडुको' म्हणतात, म्हणजे आडवा हो, नीज. तेलुगूत 'पडु' म्हणजे पडणे, आणि मराठीतही आपण 'जरा पडतो' असेच म्हणतो. दोन घरांच्या मध्ये एक कूड असतो. त्याच्या दोन्ही बाजूंस रात्री दोन आया आपापल्या भाषेत मुलांस पडावयासच सांगतात.

आणि गरिबीची ती जुनी म्हण: भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. भूक खरी असेल तर कोंडाही गोड, आणि नीज खरी असेल तर दगडाचीही उशी चालते. ही म्हण नातीस सांगताना आम्हांस याकोब आठवला. भावाच्या भीतीने घर सोडून निघालेला तो तरुण रानात सूर्य मावळताच एक धोंडा उशास घेऊन निजला, आणि त्याच रात्री त्यास स्वर्गास लागलेल्या शिडीचे स्वप्न पडले. मऊ गादीवरच चांगली स्वप्ने पडतात असे नाही.

आमच्या गावाचाही झोपेशी एक इतिहास आहे. 31 ऑक्टोबर 1956 च्या रात्री आमचे गाव हैदराबाद राज्यात निजले, आणि 1 नोव्हेंबरच्या सकाळी उठले तेव्हा ते आंध्र प्रदेशात होते. राज्यांच्या पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आम्ही होतो तेथेच राहिलो. आम्ही त्या वेळी सहा वर्षांचे होतो. पुढे 2014 साली 1 जूनच्या रात्री आंध्र प्रदेशात निजून आम्ही 2 जूनच्या सकाळी तेलंगणात जागे झालो, आणि 2016 च्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. कचेरीवरच्या पाट्या बदलल्या, नकाशे बदलले. पण 1956 च्या त्या रात्री आईने "निजले का रे पोट्टेहो?" असे विचारले होते आणि दुसऱ्या रात्रीही तेच विचारले. नव्या राज्यातली आमची पहिली रात्र आम्हांस कळलीदेखील नाही. घर कोणत्या राज्यात आहे हे सरकार ठरविते. घर जागेवर आहे की नाही, हे असल्या एखाद्या प्रश्नावरून कळते.

सुट्टीचे दोन दिवस उरले तेव्हा नातीने हट्ट धरला की तिला शेतावर जागलीस यावयाचे आहे. रानडुकरांपासून हरभरा आणि तूर राखण्यासाठी आमचा सालगडी रात्री मचाणावर जागल करतो. आम्ही तिला घेऊन गेलो. मचाणावर कडबा पसरला होता. ती मोठ्या ऐटीत त्यावर आडवी झाली आणि पाच मिनिटांतच उठून बसली.

"आजोबा, हे टोचतं!"

"कोणतं हे? मराठीतलं की इंग्रजीतलं?" आम्ही विचारले.

"दोन्ही," ती म्हणाली.

सालगडी तोंडाला उपरणे लावून हसत होता. खाली शेकोटी पेटली होती, दूर कोणाच्या तरी शेतात डबा बडविल्याचा आवाज येत होता. नात म्हणाली, "आजोबा, हे काका रात्रभर जागतात?" आम्ही म्हणालो, "होय. गावात निजानीज होते, ती असा कोणीतरी जागा असतो म्हणून." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने हळूच विचारले, "आजी आता रात्री विचारत का नाही?"

तेव्हा जे आजवर कोणास सांगितले नव्हते ते आम्ही तिला सांगितले.

1972 साल. आम्ही नुकतेच शहरातून पदवी घेऊन आलो होतो. घराण्यातली ती पहिली पदवी. आमच्या अंगात विद्येचा ताठा इतका होता की साधे सरळ बोलणे जमत नसे. एके रात्री कंदिलापाशी वर्तमानपत्र वाचीत पडलो असता आई दार लावून आली आणि आम्ही बावीस वर्षांचे घोडे झालो असताही तिने नेहमीसारखे विचारले, "निजला का रे?" आम्ही वर न पाहता म्हणालो, "माय, निजलेला माणूस उत्तर कसा देईल? आणि ज्याने उत्तर दिले तो निजलेला कसा? तुझा प्रश्नच चुकीचा आहे."

आई घटकाभर उभी राहिली. मग म्हणाली, "खरं आहे बापा." आणि गेली.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने आमचे म्हणणे बिनतोड होते. परंतु त्यानंतर आई आणखी एकोणीस वर्षे जगली, आणि त्या एकोणीस वर्षांत तिने आम्हांस तो प्रश्न पुन्हा एकदाही विचारला नाही. धाकट्या भावंडांस विचारी, सुनेस विचारी, पुढे आमच्या मुलांस विचारी. आमच्या अंथरुणाजवळून मात्र मुकाट्याने जाई. रागाने नव्हे. तिला खरोखरच वाटले असावे की शिकलेल्या मुलास असले विचारू नये. तिला क्षमा मागावी असे आमच्या मनात कितीदा आले. पण एवढ्याशा गोष्टीची क्षमा काय मागावयाची, असे म्हणून आम्ही ते पुढे ढकलीत गेलो. 1991 साली एका पहाटे ती झोपेतच गेली. साखरझोपेची ती वेळ होती.

आपल्या दफनभूमीस इंग्रजीत 'सेमेटरी' म्हणतात. तो शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ निजण्याची जागा असा आहे. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांसाठी तोच शब्द उचलला, कारण निजलेला उठतो अशी त्यांची श्रद्धा होती. लाजर निजला आहे असे प्रभूने सांगितले तेव्हा शिष्यांनी ती साधी झोप समजली, ही कथा आपणांस ठाऊक आहेच. आईची कबर आमच्या देवळामागे आहे. तिच्यावरून जाताना पुष्कळदा आमच्या मनात येते की आता विचारावयाची पाळी आमची, आणि आता उत्तर येत नाही.

नातीने हे सर्व ऐकून घेतले. "तुमचा प्रश्न तर बरोबर होता, आजोबा," ती म्हणाली. आम्ही म्हणालो, "होय. पण आईने माहिती विचारली नव्हती."

एवढेच आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे. निजण्यापूर्वी मनुष्य जे बोलतो, ते काही कळविण्यासाठी नसते. मी निजायला जातो, हे डोळ्यांस दिसतच असते. ते सांगावे लागत नाही. तरीही कोणी गवताचे नाव घेतो, कोणी पोत्याचे, कोणी नॉडच्या देशाचे, कोणी नुसते 'पडतो' म्हणतो, कारण अंधारात एकट्याने शिरण्यापूर्वी मनुष्यास दुसऱ्या मनुष्याचा आवाज हवा असतो. बराकीतल्या शिपायास तो हवा असतो, वसतिगृहातल्या मुलीस हवा असतो, सासरी आलेल्या सुनेसही हवा असतो. म्हणून मुलांनी बाहेरून एखादा नवा शब्द आणला तर त्यांस रागावू नये. त्याची कुळकथा विचारावी आणि आपलीही सांगावी. आणि मुलांनो, घरातला एखादा शब्द जुना वाटला तरी त्यास हसण्यापूर्वी एवढे पाहावे की तो बोलणारे मनुष्य उत्तराची वाट पाहत आहे. शब्द कोणत्याही भाषेतला असो, त्यास उत्तर मिळाले पाहिजे. आमच्या आईच्या शब्दास आम्ही तर्क दिला. उत्तर दिले नाही.

त्या रात्री मचाणावरून परत आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. सौ. जाग्याच होत्या. त्यांनी दार लावले, दिवा मालवला. थोडा वेळ शांततेत गेला. मग आतून आवाज आला, "आजी, तू विचारलं नाहीस."

"काय विचारलं नाही?"

"तेच."

अंधारात सौभाग्यवतींची हालचाल ऐकू आली. त्या उठून बसल्या असाव्यात. मग त्या जुन्या स्वरात त्यांनी विचारले, "निजली का गं बाई?"

"निजले!" नात मोठ्याने म्हणाली, आणि हसत तिने वाकळीत डोके खुपसले.

आम्हांस कोणी विचारले नव्हते. तरी भिंतीकडे तोंड करून, सौभाग्यवतींस ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, आम्हीही म्हणालो, "निजलो, माय." पन्नासहून अधिक वर्षे हे उत्तर द्यावयाचे राहून गेले होते.